कोरडी जागा

"शिष्टरबाई, आज एक दीस न्हाई गेलं तर काय आभाळ कोसळंल का?"

कासारवाडी स्टेशनच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या गोजाबाई हे रोज म्हणत. कारण रोज निराळं असे. कधी अंग मोडून आलेलं, कधी म्हैस आटलेली, कधी नुसतंच मन उडालेलं.

"आभाळ नाही कोसळणार," शालन म्हणाली. "पण घेतलेले अकरा शेक पाण्यात जातील. पाय खाली घ्या, सिग्नल पडला."

"तुमी मास्तरीण व्हायला पायजे व्हतं."

"तेवढे मार्क पडले नाहीत. चला, बायकांचा डबा पुढं येतो."

गाडीत खिडकीजवळची जागा गोजाबाईंना देऊन शालन शेजारी टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले. बेबीला तीन दिवस खोकला होता. पहाटे पोरीला तशीच दुपट्यात गुंडाळून शेजारच्या अंबूबाईंच्या मांडीवर ठेवून ती निघाली होती. नवरा, ज्योतीराम, औषधांच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला होता. तो आठला येणार, तोवर पोरीनं दूध ओकलं असेल का, पांघरूण काढून फेकलं असेल का, हेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. दवाखान्यात माणसं डोळ्यांदेखत जात, तेव्हा तिचा हात हलत नसे. पण तीन वर्षांच्या बेबीचा खोकला तिला ऐकवत नसे.

पंच्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. शालन पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात कोबाल्टच्या खोलीवर नर्स होती. कॅन्सरच्या माणसांना तिथं मशीनखाली झोपवून किरण देत. त्याला सगळे शेक म्हणत. विटेचा शेक, मिठाचा शेक, तसा हा कोबाल्टचा. फक्त हा शेक लागत नाही, दिसत नाही, आणि देताना खोलीत माणसाला एकटं ठेवून सगळे बाहेर पळतात, असं गोजाबाईंचं म्हणणं.

गोजाबाईंचा डावीकडचा स्तन दिवाळीनंतर काढला होता. जखम भरल्यावर डॉक्टरांनी पंचवीस शेक लिहून दिले. रविवार सोडून रोज यायचं. ते ऐकून त्यांचे मालक, खंडूभाऊ, हातातली टोपी नुसती फिरवत राहिले होते. ते भोसरीच्या बाजूला फोर्जिंगच्या कारखान्यात भट्टीवर होते. आधीच ऑपरेशनच्या वेळी बारा खाडे झालेले. "रोज कोन आननार बाई?" एवढंच ते म्हणाले. शालननं कार्डावरचा पत्ता वाचला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी कासारवाडीचीच आहे. माझ्याबरोबर पाठवा."

बोलून गेली ती एका वाक्यात, निभवायचं होतं महिनाभर. सकाळची गाडी, मग स्टेशनपासून बस, शेक आटोपला की तिची पाळी सुटेपर्यंत गोजाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहायच्या, आणि दुपारी पुन्हा दोघी गाडीत. कधी कधी शालनला वाटे, आपली पाळी कधी सुटतच नाही. कपडे तेवढे बदलतात.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी गोजाबाईंच्या छातीवर, व्रणाच्या भोवतीनं, जांभळ्या औषधानं चौकोन आखला. रोज मशीनचं तोंड बरोबर त्या चौकोनावर आणायचं. शेक संपेपर्यंत तिथं पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. शालननं हे पढवलेलं तोंडपाठ सांगितलं, आणि गोजाबाई आढ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी मोजनी झाली."

"कसली मोजणी?"

"आमच्या रानात बी अशाच रेघा मारल्या व्हत्या. चुन्याच्या. बासष्ट सालची गोष्ट. सायेब म्हनला, कुनी पुसायच्या न्हाईत. न्हाई पुसल्या आमी. मग समदं रान कारखान्यात गेलं. रेघ मारली की जागा जाती, शिष्टरबाई."

"ही रेघ जागा राखायला मारलीय," शालन म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली. पण गोजाबाईंनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

खोलीत एकटं राहायची त्यांना फार भीती. जाड दार लागलं की त्यांच्या अंगाला कापरं भरे, आणि हललं की मशीन थांबवावं लागे. तिसऱ्या दिवशी शालननं विचारलं, "तुमची वावरं किती होती?" "सात." "नावं होती त्यांना?" "नावाबिगर वावार आसतंय व्हय?" "मग दार लागलं की नावं घ्यायची. सावकाश. प्रत्येक वावराच्या बांधावरून चालत जायचं. सातवं वावर येईपर्यंत मी दार उघडते."

थोरली पट्टी. आंब्याचा तुकडा. विहिरीवरलं. बाभूळवट. खडकाळ. सासूबाईचं. नदीकडलं. बाहेर भिंतीत बसवलेल्या जाड भिंगातून बघताना शालनला गोजाबाईंचे ओठ हलताना दिसत. सातव्याला दार उघडे. दहा दिवसांत तिलाही ती पाठ झाली.

चोळी शिवली तीही शालननंच. शेकानं कातडी काळी पडते, सोलते, साधा लुगड्याचा काठसुद्धा बोचतो. तिनं जुन्या पांढऱ्या युनिफॉर्मचं मऊ कापड घेऊन पुढून उघडी, सैल चोळी केली आणि डावीकडं आतून कापसाची जाड घडी टाचली. कारण गोजाबाईंच्या घरी नवरा आणि लेक सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाला सांगितलं होतं, छातीत कफ धरलाय, पुण्याला सुया घ्यायला जावं लागतं.

आणि ते लपवण्याचं कारण, लेकीचं लग्न, आता तीन दिवसांवर आलं होतं. लेक कस्तुरा, चाकणच्या घरात दिलेली. मुलगा कारखान्यात कायम होता, घर खातंपितं होतं. "ह्यो रोग लागतोय, आईचा लेकीला येतोय, असं कुनी बोललं ना, तर हळद लागलेली पोर घरात ऱ्हाईल माजी," गोजाबाई गाडीत हलक्या आवाजात म्हणाल्या. "सतरा तारखेला रविवार... न्हाई, सोळा. हळद शनवारी."

शालननं डोळे उघडले. "शनिवारी शेक घ्यायचा आणि मग हळदीला बसायचं. पण न्हाण घ्यायचं नाही. जावेला बसवा तुमच्या जागी."

दापोडीचा पूल गेला, खडकी गेलं. मग गोजाबाई म्हणाल्या, "म्हशीला चारा घालाया जाऊ. पानी भराया जाऊ. मी ऱ्हाईले निजून, समदं जावंनं केलं. आता लेकीच्या न्हानाला बी तीच?"

बेबीच्या पाचवीला शालन स्वतः तापात पडलेली होती, पोरीला दुसऱ्याच कुणी मांडीवर घेतलं होतं. ते अजून तिच्या मनातून गेलं नव्हतं.

"डोक्यावरून नाही घ्यायचं," अखेर ती म्हणाली. "हातापायांवर पाणी. मी येते. मी घालते."

"याल? आमच्या घरी?"

हा प्रश्न दोघींनाही कळला. गोजाबाई जुन्या गावातल्या, गावकीतल्या. शालनचं घर बौद्धांचं, वडील सोलापूरकडून गिरणी सुटल्यावर इकडं आलेले. आजवर दोघींनी एका डब्यातली भाकरी खाल्ली होती, पण ती गाडीत.

"बोलावलंत तर येईन," शालन म्हणाली.

"मग बोलावलं."

शनिवारी चौदावा शेक झाला. गोजाबाईंना मधल्या गाडीनं पुढं पाठवून शालन पाळी संपवून घरी गेली, पोपटी लुगडं नेसली, बेबीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि दवाखान्यातून मागून आणलेलं मेणकापड पदराखाली घेऊन निघाली. आतल्या खोलीत गोजाबाईंना घेऊन तिनं चोळीच्या आत ते मेणकापड चिकटपट्टीनं बसवलं. "ह्याच्या वरून पाणी शिरलं नाही पाहिजे. खांद्यावरून ओतू द्यायचं नाही."

"तुमी हायेत की."

अंगणात चार कोपऱ्यांना चार तांबे मांडून त्यांना सूत गुंडाळलं होतं. सुताच्या आत तीन पाट. एकावर कस्तुरा, हळदीनं पिवळीधमक. तिच्या दोन बाजूंना आईबाप. खंडूभाऊ बनियनवर अवघडून बसलेले. उष्टी हळद घेऊन चाकणच्या बायका आल्या होत्या. त्यांच्यात नवऱ्या मुलाची आत्या, तानुबाई, सगळ्यांत पुढं. धिप्पाड, हसरी, आवाज खणखणीत.

"ए खंडूभाऊ, पोट आत घ्या, सूत तुटंल!" ती ओरडली आणि अंगण हसलं.

शालननं कढत पाण्याचा तांबा उचलला होता. ती वाकली, गोजाबाईंच्या पावलांवर थोडं पाणी घातलं. मग हातांवर. सगळं नीट चाललं होतं.

"आगं, पानी हाय का तीर्थ?" तानुबाई म्हणाली. "आशानं पोरीची आय न्हाली म्हनायची? आन तू कोन गं? तुला कंदी बगितली न्हाई."

"माजी भैन हाय," पाटावरून गोजाबाई म्हणाल्या.

"भैन? तुजं म्हायेर मला ठाव न्हाई व्हय, गोजा? दोगी भैनी तुज्या, दोनी देवाघरी गेल्या." तानुबाईनं शालनकडे पाहिलं. त्या नजरेत वाईट काही नव्हतं, नुसती चौकशी होती. "कुनाकडची तू, बाय? आडनाव काय तुमचं?"

दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांत शालनला कुणी आडनाव विचारत नसे. विचारलंच तर ती ताड्दिशी सांगे. त्या दिवशी अंगणात पन्नास माणसं होती, चार तांब्यांना सूत गुंडाळलेलं होतं, पाटावर पिवळी पोर होती. तिनं आडनाव सांगितलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं. पण तिच्या हातांनी तांबा खाली ठेवला आणि तिचे पाय दोन पावलं मागं सरले. कुणी मागं सर म्हणालं नव्हतं.

तेवढ्यात तानुबाईनं तांबा उचलला, घंगाळात बुडवला, आणि "घ्ये बाई, लेकीची आय झालीस," म्हणत गोजाबाईंच्या डाव्या खांद्यावरून सगळाच्या सगळा रिता केला. मागोमाग दुसरा. बायका गाणं म्हणत होत्या.

शालननं पाहिलं, गोजाबाईंनी दोन्ही हातांनी पदर छातीशी घट्ट धरला होता. पाण्यानं कापसाची घडी जड होऊन खाली ओघळत होती आणि त्या ती कोपरानं दाबून धरत होत्या. चेहऱ्यावर हसू होतं. लेकीकडे बघून त्या हसत होत्या.

आतल्या खोलीत चोळी सोडली तेव्हा मेणकापडाच्या आत जांभळं पाणी साचलं होतं. चौकोन गेला होता. फक्त खाली, बरगडीपाशी, वीतभर रेघेतला दोन बोटांचा तुकडा शिल्लक होता.

"काय झालं?" गोजाबाईंनी विचारलं.

"काही नाही. अंग पुसा, गार लागेल."

रविवारी लग्न लागलं. शालन अक्षता टाकायला मागं उभी होती. कस्तुरा चाकणला गेली.

सोमवारी गाडीत गोजाबाई नेहमीसारखं काहीच म्हणाल्या नाहीत, म्हणून शालनला जास्त जड वाटलं. तिला सगळं माहीत होतं. डॉक्टर दिल्लीला गेले होते, ते येणार बारा दिवसांनी. रेघ आखायची ती त्यांनीच, मशीन चालवणारे अर्जुनराव सरळ माणूस, ते म्हणायचे, "रेघ साहेबांची, बटण माझं." पुसली म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. पण मग बारा दिवसांचा खंड. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मध्ये फार दिवस गेले तर आधीच्याचा उपयोग किती, ते मला सांगता येणार नाही. आणि गोजाबाई म्हणाल्या होत्या, एकदा का सुटलं तर मी पुन्यांदा यायची न्हाई, शिष्टरबाई. माजं मला म्हाईत हाय.

कपडे बदलायच्या पडद्यामागं शालननं जांभळ्या औषधाची बाटली घेतली आणि काडीला कापूस गुंडाळला. चौकोन किती मोठा, ते कार्डावर लिहिलेलं होतं. पण तो नेमका कुठं, हे गोजाबाईंच्या अंगावरच लिहिलेलं होतं.

बरगडीजवळच्या तुकड्यावरून तिनं खालची रेघ धरली. वरच्या रेघेला खूण होती ती एक तीळ. गळ्याच्या हाडाच्या खाली, लहानसा. रेघ त्या तिळाला लागूनच जायची, हे तिला पक्कं आठवत होतं. पण तिळाच्या वरून की खालून? खालचा तुकडा थोडा तिरका होता, त्यावरून मापलं तर दोन्ही जमत होतं. तिनं डोळे मिटले. तीळ दिसला, रेघ दिसली, पण दोन्ही एकत्र दिसेनात. चौदा दिवस रोज तिनं ही बाई मशीनखाली निजवली होती; पण बायका लाजतात म्हणून ती त्यांच्या अंगाकडे न बघता तोंडाकडे बघून बोलत असे. तिला शिकवलंच तसं होतं.

"गोजाबाई, हा तीळ रेघेच्या आत होता का बाहेर?"

"मला काय दिसतंय तिथलं? आरशात बगायचं मी सोडून दिलंय."

काडी हातात थांबली. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

"तुमी मागं का सरला वो, त्या दिशी?" गोजाबाईंनी एकदम विचारलं. "पान्याचं मला काय न्हाई. पानी काय, पडायचं ते पडतंय. पन मी भैन म्हनले व्हते. आन तुमी मागं सरला."

शालननं काडी पुन्हा बाटलीत बुडवली. ती म्हणाली, "कळलंच नाही मला. पाय सरले."

"ऱ्हाऊ द्या मग." गोजाबाईंनी मान वर केली, गळा मोकळा केला. "काढा रेघ. तुमी काढली म्हंजी बराबर आसंल."

शालननं तीळ आत घेतला.

अर्जुनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज रेघा ताज्या दिसतात."

"फिकट झाल्या होत्या. गिरवल्या."

"बरं केलंत." त्यांनी मशीन खाली आणलं. दार लागलं. भिंगातून शालनला गोजाबाईंचे ओठ दिसत होते. थोरली पट्टी. आंब्याचा तुकडा. त्या दिवशी तिनं बाहेरून बरोबरीनं नावं घेतली, आणि सातव्या वावरापर्यंत पोचेतो तिच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती.

उरलेले अकरा शेक झाले. शालन रोज त्या तिळाकडे बघे. डॉक्टर परत आले, त्यांनी कातडी तपासली, "छान सोसलं बाईंनी," म्हणाले आणि कार्डावर सही केली. शेवटच्या दिवशी गोजाबाईंनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. अर्जुनराव म्हणाले, "आता भरपूर साबण लावून अंघोळ करा." गोजाबाई नुसत्या हसल्या.

पुढं दोन वर्षं बरी गेली. बरी म्हणजे, तीन महिन्यांनी तपासायला यायच्या, वजन वाढलेलं असे, म्हशीचा चीक आणायच्या, बेबीला "काळी मैना" म्हणून चिडवायच्या. कस्तुराला मुलगा झाला. शालन मात्र ह्या दोन वर्षांत सुटली नाही. बसमध्ये, चुलीपुढं, बेबीची वेणी घालताना मध्येच तिच्यापुढं तीळ येऊन उभा राही. आत की बाहेर? वरून की खालून? एका बोटाचा तर प्रश्न. एका बोटात काय असतं आणि काय नसतं, हे त्या खोलीवर काम करणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होतं. ज्योतीरामला एकदा तिनं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू नसतीस तर त्या बाईचे चौदावरच थांबले असते." ते खरं होतं, पण त्यानं तिचं समाधान झालं नाही.

सत्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर गोजाबाईंची पाठ दुखायला लागली. उठता येईना. फोटो काढला तेव्हा आजार मणक्यात उतरलेला दिसला. शालननं डॉक्टरांना विचारलं, आडूनच विचारलं, "साहेब, समजा शेक देताना रेघ जरा इकडं तिकडं झाली, तर असं होतं का?"

ते फोटो उजेडात धरून बघत होते. "सिस्टर, ज्यांच्या रेघा तंतोतंत असतात त्यांनाही होतं. हा आजार रेघा बघून चालत नाही." आणि मग फोटो खाली ठेवत म्हणाले, "म्हणून काही आपण रेघा वाकड्या मारायच्या नसतात." ते सहज बोलले होते. शालन मान हलवून बाहेर आली.

मग ती दर रविवारी गोजाबाईंच्या घरी जाऊ लागली. बेबीला बरोबर नेई. ती दारात म्हशीच्या पारड्याशी खेळे. शालन गोजाबाईंचं अंग कोमट पाण्यानं पुसून देई, पाठीला पावडर लावी, चादर बदली. पहिल्या रविवारी जाऊ पाणी तापवून आणायला आली, तेव्हा गोजाबाई तिला म्हणाल्या, "च्या ठेव. आमच्या कपातला." जावेनं क्षणभर दोघींकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

माघातल्या एका रविवारी खंडूभाऊ पहिल्या पाळीला गेलेले होते. कस्तुरा चाकणहून आली होती, ती चुलीपुढं मुलाला भरवत होती. गोजाबाई आता हाताला फार हलक्या लागत. शालननं चोळीचे बंद सोडले. ती जुनीच, युनिफॉर्मची चोळी, धुऊन धुऊन विरलेली. आत कापूस नव्हता. आजवर ती बंद न सोडता, चोळीखालून हात घालूनच पुसत आली होती; आज उजेड खिडकीतून थेट छातीवर पडला होता, आणि पहिल्यांदाच तिला ते दिसलं.

चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना चार हिरवे ठिपके होते.

"हे काय?"

"गोंदून घेतलं." गोजाबाईंचा आवाज आता आतून, लांबून यायचा. "शेवटचा शेक झाला त्याच्या दुसऱ्या दिशी. बाजारात गोंदनारीन बसती न्हवं. रेघा धुवायच्या आदी गेले. लई झोंबलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुमी वरडला आसता." त्या दम घ्यायला थांबल्या. "मनात आलं, फिरून शेक लागला तर पुन्ना रेघंसाटी तुमच्या जिवाला घोर नगं. त्या दिशी तुमच्या हातात काडी किती येळ थांबली व्हती. मी बगत व्हते."

शालन ठिपक्यांकडे बघत राहिली. वरच्या दोन ठिपक्यांच्या लगतच खाली, आतल्या बाजूला, तो तीळ होता. तिनं घेतला होता तिथंच. कोणी पुसू शकणार नाही असा.

तिनं कापड पाण्यात बुडवून पिळलं. गळा पुसला. खांदा पुसला. उजवी बाजू पुसली, काख पुसली. डावीकडं आल्यावर तिचा हात आपोआप वळसा घालून गेला. बरगडीवरून खाली, पोटाकडे. मधला चौकोन कोरडाच राहिला.

"शिष्टरबाई."

"हं."

"आता तिथं बी लावा की पानी. आता कुनाची बंदी हाय?"

शालननं कापड पुन्हा बुडवलं. या खेपेला फारसं पिळलं नाही. वरच्या ठिपक्यापासून तिनं सुरुवात केली, हलक्या हातानं, व्रणाच्या कडेकडेनं. काळपट कातडीवर पाणी चमकलं. गोजाबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलू लागले, सवयीनं. थोरली पट्टी. आंब्याचा तुकडा. विहिरीवरलं. मग ओठ थांबले. कपाळाला आठी पडली. बाहेर बेबी पारड्याला काहीतरी रागावून सांगत होती.

"बाभूळवट," शालन म्हणाली.

"व्हय. बाभूळवट."

शालननं खालचे दोन ठिपके पुसले, कोरड्या पंचानं जागा टिपून घेतली, आणि गोजाबाईंचा हात उचलून एकेक बोट धुवायला घेतलं.